शाळा उघडली : पोरांच्या सवयी आणि मनाची उभारी



मृग लागला की आपल्या सगळ्यांचीच धांदल उडते. आडसालीसाठी सऱ्या पाडायच्या, बेणे कुणाकडून आणायचे ते ठरवायचे, खोडव्याला खत द्यायचे, सोसायटीचे कागद पुरे करायचे. नेमकी त्याच आठवड्यांत, जूनच्या मध्याला, शाळेची घंटा वाजते. मग घरातला कर्ता माणूस बाजाराच्या दिवशी वह्या, दप्तर, छत्री आणि जमले तर नव्या चपला आणून टाकतो आणि म्हणतो, "चला, झालं एकदाचं पोरांच्या शाळेचं."

खरे सांगायचे तर तिथे निम्मेच झालेले असते. दीड महिन्याच्या सुट्टीत पोराची झोप सरकलेली असते, जेवणाची वेळ मोडलेली असते, सकाळचा प्रहर मोबाईलवर किंवा विहिरीवर जात असतो. तेच पोर एका सकाळी उठवून, धुऊन-पुसून वर्गात नेऊन बसवले की तिसऱ्या दिवशी त्याचे पोट दुखते. आठव्या दिवशी ते म्हणते, "मला नाही जायचं शाळेत." आपण म्हणतो, लाडावलंय. आजी म्हणते, दृष्ट लागली. बहुतेक वेळा यातले काहीच नसते. पोराची घडी मोडलेली असते, आणि ती आपण बसवून दिलेली नसते.

ही घडी कशी बसवायची, त्यात शरीराचे काय आणि मनाचे काय, हे या अंकात चार शब्दांत सांगावे असा आमचा विचार आहे. यातले निम्म्याहून अधिक आपल्या आया-आज्यांना ठाऊक आहे. उरलेले अलीकडच्या संशोधनातून आणि सरकारी योजनांतून आले आहे. दोन्ही एकत्र करून घरात आणले तर पैसा फारसा लागत नाही, लक्ष मात्र लागते.

खोडव्याची गोष्ट

तोड झाली की खोडवा आपोआप येतो, असे म्हणून जो शेतकरी घरी बसतो त्याचे एकरी उत्पन्न किती पडते ते आपण जाणतोच. जो जाणता आहे तो तोड होताच धारदार कोयत्याने बुडखे जमिनीलगत छाटतो, पाचट न जाळता सरीत दाबतो, पहारीने खत देतो आणि जिथे फूट आली नाही तिथे रोपे लावून नांग्या भरतो. मुळे जुनीच, जमीनही तीच. फरक पडतो तो पहिल्या काही आठवड्यांच्या निगेने.

सुट्टीनंतर शाळेत परतणारे मूल असेच असते. मागच्या वर्षीचे शिकणे मुळाशी शाबूत असते, वर फूट यायला मात्र निगा लागते. जिथे विसर पडला आहे तिथे नांगी भरावी लागते. आणि "गेल्या वर्षी एवढे कमी गुण पडले" असे रोज ऐकवून मागचे जाळत बसलो, तर आच नव्या फुटव्यालाही लागते.

हे नुसते बोलण्यापुरते नाही. मार्च २०२० मध्ये करोनामुळे राज्यातल्या शाळा बंद झाल्या. काही वर्ग मध्ये उघडले, पुन्हा बंद झाले. पहिलीपासूनचे वर्ग उघडायला सरकारने परवानगी दिली ती १ डिसेंबर २०२१ पासून. एवढा खंड आपल्या हयातीत कुणी पाहिला नव्हता. देशभर खेड्यापाड्यांत घरोघर जाऊन मुलांचे वाचन तपासणारा 'असर' नावाचा अहवाल निघतो. त्यात २०१८ साली तिसरीतल्या शंभर मुलांपैकी २७ मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येत होता. २०२२ साली ही संख्या २०-२१ वर घसरली. त्या वेळी पुष्कळ लोक म्हणाले, "ही पिढी गेली वाया." पण २०२४ च्या अहवालात ती पुन्हा २७ वर आली. पिढी वाया गेली नव्हती. पोरं परत वर्गात आली, रोज येऊ लागली, गुरुजींनी मागचे पुन्हा शिकवले, आणि खाली गेलेला आकडा वर आला. शंभरात २७ हा आकडा काही मिरवण्यासारखा नाही, हेही खरेच. पण खंड भरून निघतो एवढे त्यातून नक्की समजते.

कोपरीतली एक रीत

आपल्या भागातल्या कितीतरी घरांची दुसरी चूल ठाण्या-डोंबिवलीकडे पेटते. कुणाचा भाऊ कोपरीला राहतो, कुणाची लेक डोंबिवलीत दिली आहे. कोपरी म्हणजे ठाणे स्टेशनच्या पूर्वेची वस्ती. जुने आगरी-कोळी गाव, त्याला लागून फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबे, आणि मागाहून नोकरीधंद्यासाठी आलेली घाटावरची, कोकणातली माणसे, असा तिथला मेळा आहे.

मे महिन्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडायच्या बेताला आम्ही कोपरीला पाहुण्यांकडे दोन दिवस उतरलो होतो. दोन खोल्यांचे घर, नळाला पाणी यायची वेळ ठरलेली, नवरा-बायको दोघेही लोकलने कामावर जाणारी. रात्री नऊ वाजले तशी त्या घरातल्या वहिनींनी पोरांची अंथरुणे घातली. आम्ही म्हटले, "वहिनी, शाळेला अजून आठ दिवस आहेत की. खेळू द्या पोरांना."

तर त्या म्हणाल्या, "भाऊजी, शाळेच्या दिवशी एकदम सहाला उठवलं तर घरात रडारड होते. म्हणून आत्तापासून रोज पाव तास मागं आणतेय. शाळा उघडेल तेव्हा पोरं आपली आपण उठतील."

या बाईंनी बालमानसशास्त्राचे पुस्तक वाचलेले नाही. पण सवय एका दिवसात लागत नाही, ती थोडी थोडी सरकवावी लागते, हे त्यांना पक्के ठाऊक आहे. आपल्या वाड्या-वस्त्यांवर जागा भरपूर, वेळ त्यामानाने मोकळा, तरी ही रीत पाळणारी घरे थोडी. "उठेल हो आपोआप" यावर आपले भागते.

पुलाखालची शाळा

कोपरीहून पूर्व द्रुतगती महामार्गाने रेल्वेवरचा पूल ओलांडला की पुढे तीन हात नाका लागतो. तिथल्या उड्डाणपुलाखाली मराठवाड्यातून दुष्काळाने बाहेर पडलेली कुटुंबे राहत होती. सिग्नलला गाड्या थांबल्या की पोरांनी गजरे, फुले, खेळणी विकायची, नाहीतर हात पसरायचा, हा रोजचा क्रम. यातली काही पोरं कधी शाळेत गेलीच नव्हती, काहींची मध्येच सुटली होती.

२०१६ साली ठाणे महानगरपालिका आणि समर्थ भारत व्यासपीठ ही संस्था यांनी मिळून त्याच पुलाखाली लोखंडी कंटेनरमध्ये वर्ग थाटले. लोक तिला सिग्नल शाळा म्हणू लागले. संस्थेचे भटू सावंत आणि त्यांचे सहकारी यांनी पोरांना दूरच्या शाळेत बोलावण्याऐवजी शाळाच पोरांच्या दारात आणली.

आमच्या सभासदांनी या शाळेतून घ्यावे ते हे. तिथे पहिल्या दिवशी पाटीवर अ-आ-ई गिरवून भागले नाही. पोर आले की आधी अंघोळ, मग स्वच्छ गणवेश, मग पोटात काहीतरी, आणि त्यानंतर अभ्यास, असा क्रम ठेवावा लागला. ज्या पोराची रात्र गाड्यांच्या आवाजात जाते, जे उपाशीपोटी उठते, त्याच्या डोक्यात पाढा शिरणार कसा? आधी शरीराची घडी बसवली, तेव्हा मन बसले, आणि मन बसले तेव्हा अक्षर बसले.

२०१८ साली या शाळेतली दोन मुले दहावीची परीक्षा पास झाली. ज्या पोरांकडे पाहून गाडीतली माणसे काच वर करत होती, त्यांतलीच ही दोन. आपल्या घरात तर पंखा आहे, ताटात भाकरी आहे, विचारपूस करायला आजी-आजोबा आहेत. आपल्या पोराला जमणार नाही असे म्हणायला आपल्याला जागाच कुठे उरते?

झोप : सगळ्यात स्वस्त औषध

आता एकेक सवय घेऊ. पहिली झोप. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज ९ ते १२ तास झोप लागते आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला ८ ते १० तास, असे झोपेचा अभ्यास करणारे डॉक्टर सांगतात. म्हणजे सहाला उठणाऱ्या पाचवीतल्या पोराने नऊच्या आत झोपले पाहिजे. आपल्याकडे मोठी माणसे दहा-अकरापर्यंत टीव्हीपुढे बसतात आणि पोराला म्हणतात, "तू झोप." ते कसे झोपेल?

कमी झोपेचे पोर वर्गात पेंगते, चिडचिड करते, ऐकलेले विसरते. मग त्याला "मठ्ठ" हे नाव पडते. खरे कारण आदल्या रात्रीचे असते. हा प्रश्न किती मोठा आहे ते सरकारच्याही ध्यानात आले. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असे राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये शाळांना कळवले ते मुलांच्या झोपेसाठीच.

मोबाईलचे एक साधे बंधन घाला. रात्री जेवणे झाली की घरातले सगळे फोन एका फळीवर. "सगळे" यात बापाचाही आला बरं का! पोराचा तेवढा काढून घेतला आणि आपण उशाशी घेऊन झोपलो, तर तो नियम दोन दिवसही टिकत नाही.

न्याहारी, डबा आणि थोडे साखरेविषयी

दुसरी सवय न्याहारीची. चहा-बिस्कीट ही न्याहारी नव्हे. भाकरी-पिठले, रात्रीची उसळ आणि चपाती, थालीपीठ, उपमा, एखादे अंडे, यांतले काहीही चालेल, पण पोर भरल्या पोटाने निघाले पाहिजे. जेवणाबरोबर किंवा जेवण होताच पोरांना चहा देऊ नका. चहामुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही. त्याऐवजी भाजीवर लिंबू पिळा, त्याने लोह चांगले लागते. वयात येणाऱ्या मुलींच्या बाबतीत हे विशेष ध्यानात ठेवायचे, कारण अंगात रक्त कमी असले की धाप लागते, अभ्यासात लक्ष राहत नाही, आणि घरचे म्हणतात, "हिला शाळेची आवडच नाही."

शाळेत मिळणाऱ्या जेवणाला नाव ठेवू नका. ही योजना देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. आधी पुष्कळ ठिकाणी कोरडे धान्य हाती मिळे. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न द्या असा आदेश दिला. पाचवीपर्यंतच्या मुलाला त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने, तर सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने मिळावीत असे माप ठरलेले आहे. ते माप ताटात पडते की नाही हे पाहायचा हक्क पालकांना आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला चहा पिऊन परत येऊ नका, एकदा पंगतीला बसून चव घ्या.

आता एक गोष्ट जरा जपून सांगायची. आपण साखर कारखान्याचे सभासद, आपली चूल उसावर पेटते. तरीही पोरांच्या ताटातली साखर मापातच हवी, हे आम्हाला सांगितलेच पाहिजे. दिवसभरात लागणाऱ्या एकूण कॅलरींपैकी दहा टक्क्यांपेक्षा जास्त वरून घातलेल्या साखरेतून येऊ नयेत आणि पाच टक्क्यांच्या आत ठेवले तर उत्तम, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले. गूळ आणि काकवीही त्यातच धरायची. लहान मुलांतही मधुमेह वाढू लागल्याने केंद्रीय बोर्डाने, म्हणजे सीबीएसईने, मे २०२५ मध्ये आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितले. सणाला पुरणपोळी जरूर खावी, शेंगदाण्याचा लाडूही द्यावा. पण रोजची रंगीत पाण्याची बाटली आणि पुड्यातला खाऊ यांचा पैसा अंड्याला आणि डाळीला लावा. उसाच्या भावाची लढाई आपण मोठ्यांनी लढू, तिचे ओझे पोरांच्या पोटावर नको.

पाणी, हात, जंत आणि डोळे

पावसाळ्यात निम्मी गैरहजेरी पोटाच्या दुखण्याने होते असे कुणीही गुरुजी सांगतील. म्हणून पिण्याचे पाणी चांगले उकळवून गार करावे आणि बाटलीतून शाळेत द्यावे. संडासहून आल्यावर आणि जेवणाआधी साबणाने हात धुवावेत, निदान वीस सेकंद. वीस सेकंद म्हणजे किती हे पोराला घड्याळात दाखवायची गरज नाही. दोनचा पाढा सावकाश दोनदा म्हण म्हणावे, हातही निघतो आणि पाढाही पाठ होतो.

जंतांचे औषध वर्षातून दोनदा शाळेत आणि अंगणवाडीत फुकट मिळते. २०१५ पासून १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट हे त्याचे राष्ट्रीय दिवस ठरलेले आहेत, आणि एक ते एकोणीस वर्षांच्या सगळ्यांसाठी ते आहे. "त्या गोळीनं पोरगं आजारी पडेल" म्हणून त्या दिवशी पोराला घरी ठेवणारे पालक आहेत. असे करू नका. पोटात जंत असले तर खाल्लेले अंगी लागत नाही, आणि आपण खर्चतो ते दूध-अंडे त्यांच्याच कामी येते. लोहाच्या गोळ्याही दर आठवड्याला शाळेत मिळतात, लहानांना गुलाबी आणि मोठ्यांना निळी. जेवण झाल्यावर ती घ्यायची, उपाशीपोटी नाही.

डोळ्यांचे वेगळे सांगावेसे वाटते. मागच्या बाकावरच्या पोराला फळा दिसत नाही हे त्याचे त्यालाही ठाऊक नसते. त्याला वाटते सगळ्यांना असाच पुसट दिसतो. वही डोळ्याजवळ धरणारे, टीव्हीला खेटून बसणारे, वारंवार डोके दुखते म्हणणारे पोर असेल तर डोळे तपासून घ्या. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली डॉक्टरांचे पथक शाळेत येऊन मुले तपासते. त्यांनी चिठ्ठी दिली तर ती खिशात धुऊन निघू देऊ नका. चष्मा लागला म्हणून मुलीचे लग्न अडत नाही, पण न दिसल्यामुळे तिचे शिक्षण नक्की अडते.

दप्तराचेही पाहा. पोराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा दप्तर जड नसावे असे २०२० च्या केंद्राच्या धोरणात म्हटले आहे. म्हणजे तीस किलोच्या पोराच्या पाठीवर तीन किलो. आपण वजनकाट्यावरची माणसे. एकदा पोराचे दप्तरही काट्यावर ठेवून बघा. आणि उसातून, बांधावरून शाळेत जाणाऱ्या पोरांच्या पायात बूट, हातात काठी असू द्या. पावसाळ्यात साप बाहेर पडतात. काही झालेच तर मांत्रिकाकडे एक मिनिटही न घालवता १०८ ला फोन करायचा.

मनाची उभारी म्हणजे काय

आता मनाकडे येऊ. "चांगला विचार कर, सगळं चांगलं होतं" असे पोराला सांगणे सोपे आहे. पण ज्या पोराला भागाकार येत नाही त्याला नुसत्या चांगल्या विचाराने तो येत नाही. आमच्या मते उभारीला दोन गोष्टी लागतात. आज जमेल एवढी लहान पायरी पोरापुढे असावी, आणि ती चढल्यावर "बघ, जमलं ना!" म्हणणारे घरचे माणूस असावे. आज एकच उदाहरण, उद्या दोन. आठवड्याने मागे वळून पाहिले की पोराचा आपल्यावरचा विश्वास वाढतो.

शाबासकी कशी द्यावी याचाही अभ्यास झालेला आहे. १९९८ साली अमेरिकेत क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या दोघींनी पाचवीतल्या मुलांना सोपी कोडी दिली. सुटल्यावर काहींना म्हटले, "तू हुशार आहेस." काहींना म्हटले, "तू मेहनत घेतलीस." मग मुद्दाम अवघड कोडी दिली. ती कुणालाच धड सुटली नाहीत. त्यानंतर पुन्हा सोपी दिली, तर "हुशार" म्हटलेली मुले आधीपेक्षा मागे पडली आणि "मेहनत" म्हटलेली पुढे गेली. कारण उघड आहे. हुशार म्हटलेल्या मुलाला एकदा अडले की वाटते, आपली हुशारी संपली. मेहनती म्हटलेल्या मुलाला वाटते, अजून थोडी मेहनत घेऊ.

म्हणून घरात बोलताना जपा. "शेजारच्या पोराला नव्वद टक्के, आणि तू?" हे वाक्य बंद करा. आपल्या उसाचा उतारा शेजाऱ्याच्या उसाशी ताडून पाहताना आपण जमीन, पाणी, बेणे सगळे विचारात घेतो. पोराच्या बाबतीत मात्र नुसता आकडा पाहतो. आणि "शिकून कोण मोठं झालंय, शेवटी शेतच करायचंय" हेही त्याच्यासमोर बोलू नका. शेतीलाही आता माती परीक्षणाचा कागद वाचावा लागतो, ठिबकाचा हिशेब करावा लागतो.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. त्यांच्या बोर्डिंगात पोरं स्वतःचे जेवण रांधत, शेतात राबत आणि रात्री अभ्यास करत. "तुम्ही गरिबाची पोरं, तुम्हाला काय जमणार" असे अण्णांनी कुणाला म्हटले नाही. कामाची सवय आणि जमेल हा भरवसा, दोन्ही बरोबर दिले. आपल्या सभासदांपैकी कितीतरी जण त्याच शाळांतून शिकले आहेत. त्यांना वेगळे काय सांगावे?

नापास झालेल्या पोराकडे या दिवसांत विशेष लक्ष द्या. दहावीत राहिलेल्यांना पूर्वी ऑक्टोबरपर्यंत थांबावे लागे. २०१५ पासून जुलैच्या सुमारासच फेरपरीक्षा होऊ लागली आणि वर्ष वाया न जाता पुढे जाण्याची सोय झाली. हे पोराला निकालाच्या दिवशीच सांगा, शिव्या घालून झाल्यावर नव्हे. पोर एकटे बसू लागले, जेवणखाण सोडले, "मी मेलेलं बरं" असे बोलू लागले, तर ते नाटक समजू नका. त्याला एकटे सोडू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून कोणत्याही वेळी फुकट बोलता येते, मराठीतही बोलता येते. अडचणीतल्या मुलांसाठी १०९८ हाही क्रमांक आहे. दोन्ही क्रमांक भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवा.

आपल्या फडातली पोरं

शेवटची गोष्ट आपल्या अंगणाबाहेरची, तरी आपलीच. तीन हात नाक्याच्या पुलाखाली आलेली कुटुंबे ज्या दुष्काळाने घराबाहेर पडली, त्याच दुष्काळाने हजारो कुटुंबे दरवर्षी कोयता घेऊन आपल्या फडात येतात. दिवाळीच्या सुमारास ती येतात, हंगाम संपल्यावर जातात. बरोबर पोरं असतात. आपली पोरं दीड महिन्याच्या सुट्टीनंतर शाळेत परततात, ती पाच-सहा महिन्यांनी परततात. त्यांचा खंड आपल्या पोरांच्या खंडाच्या तिप्पट-चौपट. मोळी बांधायला लागलेले, धाकट्या भावंडाला सांभाळणारे पोर परत वर्गात बसते तेव्हा त्याला वाटते, आपण इथले नाहीच. मग एक वर्ष ते परततच नाही.

कायदा या पोरांच्या बाजूने आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचे आणि मागे पडलेले वेगळे शिकवून भरून काढायचे, असे म्हटले आहे. दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. पोरांना गावीच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहे आहेत, आणि स्थलांतर करणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड मिळते, ते दाखवले की जिथे जाईल तिथल्या शाळेत त्याला बसता येते.

पण कायदा कागदावर असतो आणि पोर फडात असते. मध्ये उभा असतो तो आपला सभासद. पुढच्या हंगामात टोळी आपल्या फडात उतरली की मुकादमाला एवढेच विचारायचे, "यात शाळेच्या वयाची पोरं किती?" आणि जवळच्या शाळेतल्या गुरुजींना तेवढे कळवायचे. कोप्यांपासून शाळा लांब असेल तर सकाळी दूध घालायला जाणाऱ्या आपल्याच गाडीत दोन पोरं बसली तर बिघडत नाही. टोळी परत निघताना त्या पोरांच्या हजेरीचा कागद त्यांच्या आईच्या हातात पडला, तर गावी गेल्यावर ते पोर "मी शिकत होतो" असे ताठ मानेने सांगू शकते. ही त्याच्या मनाची उभारी.

तेव्हा या आठवड्यात तीन कामे करा. आजपासून पोरांची झोपायची वेळ रोज पाव तास मागे आणा. पहिल्या पंधरा दिवसांत एकदा शाळेत जाऊन गुरुजींना भेटा, तक्रार घेऊन नव्हे, "आमच्याकडून काय पाहिजे?" एवढे विचारायला. आणि रोज रात्री जेवताना पोराला "किती मार्क पडले?" असे न विचारता "आज नवीन काय शिकलास?" असे विचारा. उत्तर एका वाक्यात येईल, कधी "काही नाही" म्हणून येईल. तरी विचारत राहा. दसऱ्यापर्यंत पोर आपण होऊन सांगू लागेल, आणि तोवर कारखान्याच्या बॉयलरच्या अग्निप्रदीपनाची वेळही जवळ आलेली असेल.

सर्व सभासदांच्या पाल्यांना नव्या शैक्षणिक वर्षाच्या मनापासून शुभेच्छा.